एका फोटोला किती रात्री लागतात?

रात्री अंगणात कॅमेरा लावून बसणाऱ्याला घरातून हमखास येणारा प्रश्न म्हणजे "अजून किती वेळ?" बहुतेकजण "झालंच" म्हणून वेळ मारून नेतात. खरं उत्तर भौतिकशास्त्रात आहे, आणि ते समजून घेतलं तर घर आणि छंद यांतली ओढाताण बरीच कमी होते. "रिटायर झाल्यावर निवांत करू" असं म्हणावं की नाही, हेही त्याच गणितातून कळतं.

दूरच्या तेजोमेघाचा प्रकाश पावसाच्या थेंबांसारखा सुटा सुटा येतो. एका वाटीत सरासरी १०० थेंब पडणार असतील, तर कधी ९२ पडतील, कधी १०७. हा चढउतार साधारण वर्गमुळाइतका असतो: १०० ला १०, म्हणजे १० टक्के. ४०० थेंब जमवले तर चढउतार २०, म्हणजे ५ टक्के. हाच चढउतार फोटोत रवाळपणा म्हणून दिसतो. म्हणजे चित्र दुप्पट स्वच्छ हवं असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. १ तासाच्या फोटोपेक्षा दुप्पट चांगला हवा तर ४ तास, त्याच्या दुप्पट हवा तर १६. नोकरी आणि लहान मूल असलेल्या माणसाने ४ तासांवर थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचे १२ तास ज्या सुधारणेसाठी जातात, ती फोनच्या स्क्रीनवर कुणाला दिसतही नाही.

आता शहराच्या उजेडाकडे वळू. आकाशाचा सरासरी उजेड कॉम्प्युटरवर वजा करता येतो, पण त्या उजेडाचा चढउतार वजा होत नाही. तेज 'प्रतीं'त मोजतात, आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे १०० पट. शहराचं आकाश अंधाऱ्या माळरानापेक्षा साडेतीन प्रतींनी सहज उजळ असतं, म्हणजे सुमारे २५ पट. अंधुक वस्तूच्या बाबतीत तितक्याच पट वेळ जास्त लागतो. माळरानावरचा १ तास म्हणजे अंगणातले २५ तास! महिन्यातून एकदा अमावास्येच्या शनिवारी गाडी काढून दोन तास लांब जाणं वरवर चैन वाटतं, पण कुटुंबाच्या वेळेच्या हिशेबात तेच स्वस्त पडतं. सगळ्यांना घेऊन तंबू ठोकला तर आणखीच.

अंगणातच राहायचं असेल तर नॅरोबँड फिल्टर वापरा. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरला येतो. फिल्टर त्याच्या आसपासची अरुंद पट्टी आत सोडतो आणि दिव्यांचा बराचसा उजेड बाहेर ठेवतो. दीर्घिकांना मात्र याचा फारसा उपयोग नाही, कारण त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच: हे ४ तास सलग असावे लागत नाहीत. आजचे कॅमेरा सेन्सर प्रत्येक फ्रेम वाचताना फार थोडा नॉईज मिसळतात, त्यामुळे दोन-तीन मिनिटांच्या फ्रेम वेगवेगळ्या रात्री घेऊन नंतर एकत्र करता येतात. तारे रोज ४ मिनिटं लवकर उगवतात, वर्षाने त्याच वेळी त्याच जागी परत येतात. मृगातला अश्वमुख तेजोमेघ तेवढ्यात कुठे पळून जात नाही. मुलं झोपल्यावर अर्धा तास, अशा आठ रात्री, हव्या तर दोन हिवाळ्यांत विभागून. अट एकच, रोज माउंट ध्रुवाशी जुळवण्यात पाऊण तास जाऊ नये. त्यासाठी अंगणात एक कायमचा खांब बसवून घ्या. तो महागड्या लेन्सपेक्षा जास्त कामाला येतो.

असं साठवण्याचं फळ केवढं असू शकतं, ते जानेवारी २०२३ मध्ये दिसलं. यान सेंटी, झेवियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी मंडळींनी देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनची एक प्रचंड कमान जाहीर केली, जी तोवर कुणालाच दिसली नव्हती. दुर्बिणीची लेन्स जेमतेम १०६ मिलिमीटरची, पण एक्सपोजर शंभराहून अधिक तासांचं.

मग निवृत्तीपर्यंत थांबायचं का? 'सायन्स'मध्ये २०२३ साली आलेल्या अभ्यासानुसार, २०११ ते २०२२ या काळात लोकांना दिसणाऱ्या ताऱ्यांवरून काढलेला आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढला. हाच वेग टिकला तर २५ वर्षांत सुमारे दहापट. शिवाय तरुणपणी अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडणारी बाहुली साठीनंतर ५ च्या आसपास अडते, म्हणजे डोळ्यात निम्मा प्रकाश. कॅमेऱ्याला वय नसतं, पण २० किलोचा माउंट उचलणाऱ्या कंबरेला असतं. निवृत्तांकडे एक गोष्ट मात्र खरी असते: मंगळवारची अमावास्या. आपल्याला चंद्र, ढग आणि सुट्टी तिन्ही जुळावी लागतात, त्यांना दोनच.

लंडनकरांना मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण अंधार होतच नाही. ते आठवडे बिनदिक्कत घराला द्या. आखातात उन्हाळ्यात सेन्सर तापतो आणि दर ६-७ अंशांना त्याचा स्वतःचा नॉईजी प्रवाह साधारण दुप्पट होतो. तिथे थंडीतच हात घाला, किंवा कूलिंग असलेला कॅमेरा घ्या.

आणि आई-बाबा मे महिन्यात भारतातून येणार असतील, तर पहिल्या आठवड्याचा जेटलॅग वाया घालवू नका. माझे बाबा न्यू जर्सीत पहाटे तीनला टक्क जागे असतात, आणि धनू रास नेमकी तेव्हाच दक्षिणेला सर्वात वर असते. लॅपटॉपवर फ्रेम मोजायला ते बसतात, मी झोपतो. सांगलीच्या गच्चीवरून ४९ अंशांवर दिसणारा धनूतला लगून तेजोमेघ इथे २५ अंशांवरच कसा, आणि १७ अंशांवरचा ध्रुव ४० वर कसा चढला, यावर सकाळच्या चहाला नातीला ते अक्षांश शिकवतात, संत्र्यावर पेनाने रेघा मारून.