विश्लेषण : पुण्याला हॉकीचा स्वतःचा व्यावसायिक संघ हवा का? हवा असेल तर सुरुवात महिला संघापासून का करावी?

26 जानेवारी 2025, रांची. पहिल्यावहिल्या महिला हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा हॉकी क्लबवर 2-1 अशी मात केली आणि करंडक उचलला. ओडिशाचे दोन्ही गोल एकाच खेळाडूचे होते, ऋतुजा पिसाळचे. ही मुलगी सातारा जिल्ह्यातली.

ती महाराष्ट्राच्या संघाकडून का खेळली नाही? कारण असा संघच नाही. सात वर्षांच्या खंडानंतर लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ आणि महिलांचे चार संघ होते. दिल्ली, हैदराबाद, तामिळनाडू, बंगाल, ओडिशा, उत्तर प्रदेश, पंजाब-हरियाणा असे सगळे त्यात होते. 2025-26 च्या दुसऱ्या हंगामात काही संघ बदलले, रांचीचं नाव आलं. महाराष्ट्राची पाटी दोन्ही वर्षं कोरीच राहिली.

त्यामुळे पुण्यातल्या हॉकीप्रेमींचा प्रश्न साहजिक आहे. कबड्डीत पुणेरी पलटण आहे, मग हॉकीत का नाही? उत्तर देण्याआधी थोडा हिशोब समजून घेऊ.

पुण्याचा हक्क कितपत?

खेळाच्या बाबतीत तो भक्कम आहे. चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेला धनराज पिल्ले खडकीचा. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तो वाढला. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्याच्यासोबत खेळलेला विक्रम पिल्लेही खडकीचाच. लष्करी छावणी, कारखान्यांच्या वसाहती आणि रेल्वे यांच्या आधारानं इथं हॉकी रुजली. अनेक घरांसाठी हॉकी स्टिक म्हणजे नोकरीचा अर्ज होता. चांगलं खेळलं की रेल्वेत, पोलिसांत, एखाद्या सार्वजनिक कंपनीत नाहीतर बँकेत खेळाडू म्हणून भरती व्हायची.

दुसरा आधार बालेवाडीचा. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या क्रीडा प्रबोधिनीत फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके घडल्या. पुढे दोघी भारताकडून खेळल्या. आईवडील शेतात राबणाऱ्या घरांतल्या मुली पुण्यात येऊन राहतात, टर्फवर धावायला शिकतात आणि देशाच्या जर्सीपर्यंत पोहोचतात. हा रस्ता आज चालू आहे, तो जुन्या आठवणींतला नाही.

तिसरी गोष्ट मैदानाची. पिंपरीतल्या नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम हे पिंपरी-चिंचवड महापालिकेचं. डिसेंबर 2021 मध्ये पुरुषांची आणि मार्च 2024 मध्ये महिलांची वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा तिथं झाली. महिलांच्या स्पर्धेत महाराष्ट्रानं अंतिम फेरी गाठली आणि हरियाणाकडून हार पत्करली.

म्हणजे खेळाडू, मैदान आणि स्पर्धा भरवण्याचा अनुभव हे तिन्ही आहे. मग अडतं कुठं?

याआधी संघ नव्हते का?

होते की! इथंच खरी गंमत आहे, किंवा दुखणं म्हणा.

2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तिच्यात मराठा वॉरियर्स हा संघ होता आणि धनराज त्यातून खेळला. 2008 नंतर ती लीग बंद पडली. 2012 मध्ये वर्ल्ड सीरिज हॉकी आली. तिच्यात पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स असे महाराष्ट्राचे दोन संघ होते. पुणे थेट अंतिम फेरीत पोहोचलं आणि मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर शेर-ए-पंजाबकडून 5-2 असं हरलं. उपविजेत्या संघाचं पुढच्या वर्षी काय झालं? काहीच नाही, कारण पुढचं वर्ष आलंच नाही. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता त्या लीगला नव्हती. मानधन थकल्याच्या तक्रारी खेळाडूंनी केल्या आणि दुसरा हंगाम झालाच नाही.

2013 मध्ये अधिकृत हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा मुंबई मॅजिशियन्स हा संघ होता. त्याच वर्षी पाकिस्तानी खेळाडूंच्या सहभागावरून मुंबईत आंदोलन झालं आणि लीगमधल्या सगळ्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावं लागलं. 2015 पासून दबंग मुंबई आली. 2017 च्या अंतिम सामन्यात ती कलिंग लान्सर्सकडून 4-1 अशी हरली आणि त्यानंतर लीगच थांबली.

मोजून बघा. 2005 ते 2017 या काळात राज्याशी जोडलेले पाच संघ आले आणि पाचही गेले. मैदानावरच्या हरण्यानं त्यातला एकही बंद झाला नाही. बहुतेक वेळा लीगच कोसळली आणि संघ तिच्यासोबत गेले.

फक्त हॉकीतच असं होतं का?

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. आयपीएलमधली पुणे वॉरियर्स 2011 मध्ये आली आणि 2013 मध्ये मालक आणि बीसीसीआय यांच्यातल्या फ्रँचायझी शुल्काच्या वादात संपली. रायझिंग पुणे सुपरजायंट तर जन्मालाच दोन वर्षांचं आयुष्य घेऊन आली होती. चेन्नई आणि राजस्थानवरची बंदी उठेपर्यंतची ती सोय होती. 2017 ची फायनल एका धावेनं गमावली आणि गाशा गुंडाळला. फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी 2014 ते 2019 टिकली, मग ती जागा हैदराबादला गेली.

टिकली ती पुणेरी पलटण. 2014 पासून ती प्रो कबड्डीत आहे आणि मार्च 2024 मध्ये तिनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. ती का टिकली? तिची लीग टिकली हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे कबड्डीचा खर्च आटोक्यात राहतो. मॅट अंथरा, खेळ सुरू! हॉकीला 91.40 बाय 55 मीटरचं सिंथेटिक टर्फ लागतं. त्यावर सामन्याआधी हजारो लिटर पाणी मारावं लागतं आणि काही वर्षांनी कोट्यवधी रुपये खर्चून ते बदलावंही लागतं. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांच्या शहरात हा मुद्दा साधा नाही.

संघ चालवायला किती पैसे लागतात?

2024 च्या लिलावात पुरुष संघाला खेळाडूंसाठी 4 कोटी आणि महिला संघाला 2 कोटी रुपयांची मर्यादा होती. पुरुषांच्या संघात 24 खेळाडू असायचे. त्यात किमान 16 भारतीय, त्यातले 4 ज्युनियर, आणि 8 परदेशी. सरासरी काढली तर एका खेळाडूला साधारण 16 लाख 67 हजार येतात. अर्थात सरासरी फसवी असते. भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंगला सूरमानं 78 लाख मोजले, तर महिलांमध्ये सर्वाधिक बोली उदितावर, 32 लाखांची लागली.

आयपीएलच्या 2025 च्या हंगामासाठी एका संघाची लिलाव मर्यादा 120 कोटी होती. म्हणजे तेवढ्या पैशांत हॉकीचे तीस पुरुष संघ उभे राहतील. स्वस्त वाटतं ना?

पण हा फक्त खेळाडूंचा खर्च झाला. फ्रँचायझी शुल्क, प्रशिक्षक, फिजिओ, विमान, हॉटेल, विमा आणि जाहिरात हे सगळं वर येतं. समोर उत्पन्न काय? पहिल्या हंगामात प्रेक्षकांना प्रवेश मोफत होता, म्हणजे तिकिटांतून शून्य. विजेत्या पुरुष संघाला 3 कोटी आणि महिला संघाला दीड कोटी. उरलं ते प्रायोजकांच्या जोरावर. विजेतेपद मिळवूनही बक्षिसाच्या रकमेतून खेळाडूंचा खर्चसुद्धा निघत नाही.

याचा परिणाम लगेच दिसला. दुसऱ्या हंगामाआधी यूपी रुद्राजनं आर्थिक कारण देत माघार घेतली. ती जागा भरायला लीगच्या गव्हर्निंग कौन्सिललाच स्वतःचा संघ उतरवावा लागला. ज्या राज्यात मेजर ध्यानचंद यांची झाशी आहे, तिथल्या संघाची ही गोष्ट. इतिहासाच्या पुण्याईवर विमानाची तिकिटं येत नाहीत.

'आपला संघ' म्हणजे नेमकं काय?

चर्चेत हा मुद्दा नेहमी राहून जातो, म्हणून इथं थोडं थांबू.

पहिल्या हंगामात पुरुषांचे सगळे सामने राउरकेला आणि रांचीत झाले, महिलांचे रांचीत. दुसऱ्या हंगामात पुरुषांसाठी चेन्नई, रांची आणि भुवनेश्वर ही केंद्रं होती. हैदराबाद तूफान्सनं पहिल्या वर्षी अंतिम फेरी गाठली, पण हैदराबादमध्ये एकही सामना झाला नाही. विजेत्या बंगाल टायगर्सचंही तेच. जर्सीवर शहराचं किंवा राज्याचं नाव आणि खेळ दुसऱ्याच राज्यात.

मालकीचं म्हणाल, तर पंजाब-हरियाणाचं नाव लावणाऱ्या सूरमाचा मालक जेएसडब्ल्यू हा मुंबईचा उद्योगसमूह आहे. त्यात गैर काहीच नाही. पण महाराष्ट्रात पैसा नाही म्हणून संघ नाही, हे म्हणणं त्यामुळे खोटं ठरतं.

मग 'पुणे अमुकतमुक' नावाचा संघ आला आणि महिनाभर रांचीत खेळून परत गेला, तर खडकीच्या गल्लीतल्या पोराला काय मिळालं? मोबाइलवर एक स्कोअर. तो तर त्याला आजही मिळतो.

उलट उदाहरण रांचीचं बघा. 2013 मध्ये रांची ऱ्हायनोजनं पहिली लीग जिंकली. दोनच हंगामांत तो संघ संपला. 2015 मध्ये नव्या मालकांचा रांची रेज आला आणि त्यानंही करंडक जिंकला. पुढे तीही लीग थांबली. तरी रांचीचं मैदान चालू राहिलं, कारण झारखंडमध्ये हॉकी गावोगाव खेळली जाते आणि सामना असला की लोक येतात. ओडिशात तर राज्य सरकार 2018 पासून राष्ट्रीय संघांचं प्रायोजक आहे. राउरकेलात 20 हजारांहून जास्त आसनांचं बिरसा मुंडा स्टेडियम 2023 च्या विश्वचषकासाठी उभं राहिलं. तिथं आधी मैदान आणि प्रेक्षक तयार होते, म्हणून लीग त्यांच्या दारात गेली.

मग पुण्यानं काय मागावं?

आमच्या मते पुण्यानं संघ मागावा, पण पुरुषांचा नको. महिलांचा मागावा.

कारणं साधी आहेत. खेळाडूंचा खर्च निम्मा. लीग पुन्हा सुरू करताना महिलांचे सहा संघ ठरले होते, प्रत्यक्षात चारच उतरले. म्हणजे जागा आहे. पहिला हंगाम 12 ते 26 जानेवारी असा दोन आठवड्यांतच आटोपला, त्यामुळे प्रवास आणि मुक्कामाचा खर्चही आवाक्यातला. पुरुषांच्या बाजारात मोठ्या नावांसाठी 70-80 लाखांची झुंज लागते. महिलांमध्ये महाराष्ट्राकडे घरच्या खेळाडू आहेत, त्याही पुण्यात तयार झालेल्या. प्रेक्षकाला नाव, गाव, तालुका ओळखीचा वाटावा असा संघ उभा करायची संधी इथं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर इथून सामना बघायला गाड्या भरून येतील की नाही हे सांगता येत नाही. पण आल्याच तर त्या ऋतुजा पिसाळसाठी येतील, आठ परदेशी खेळाडूंसाठी नाही.

मालक कुणीही असो, करारात दोन अटी मात्र हव्यातच. पहिली म्हणजे काही सामने पिंपरीत झाले पाहिजेत. चार संघांच्या लीगमध्ये प्रत्येकीशी दोनदा खेळायचं म्हणजे सहा साखळी सामने. त्यातले निम्मे घरी म्हटले तर तीन. तीन संध्याकाळी मैदान, दिवे, पाणी आणि बंदोबस्त सांभाळणं राष्ट्रीय स्पर्धा भरवलेल्या महापालिकेला जमण्यासारखं आहे. दुसरी अट वर्षभराच्या खर्चाची. दोन आठवड्यांच्या झगमगाटानंतर उरलेले पन्नास आठवडे संघानं क्रीडा प्रबोधिनी आणि खडकी-पिंपरीच्या क्लबांसाठी प्रशिक्षक, स्टिक, गोलकीपरचे पॅड यांची सोय करावी. गोलकीपरचा पूर्ण किट सामान्य घराच्या ऐपतीबाहेरचा असतो. म्हणून अनेक ठिकाणी 'कुणाला कीपर व्हायचंय?' असं विचारलं की सगळे खाली बघतात.

या अटी मान्य करणारा मालक मिळाला नाही तर? मग संघ नसलेला बरा, असं आम्हाला वाटतं. पुण्यानं नावापुरते संघ पुष्कळ पाहिलेत, त्यांच्या जर्सी अजून लोकांच्या कपाटात आहेत. त्या परिस्थितीत तेवढेच पैसे एखाद्या कंपनीनं सीएसआरमधून शहराच्या शालेय आणि क्लब लीगला दिले, तर चेंडू निदान इथल्या टर्फवर तरी फिरेल.

आता पुढे काय?

नवा संघ घ्यायचा की नाही हे लीगची गव्हर्निंग कौन्सिल ठरवते आणि त्यासाठी आधी इच्छुक मालक लागतो. शहराच्या हातात आहे ते मैदान. नेहरूनगरचं टर्फ, प्रकाशझोत आणि ड्रेसिंग रूम आंतरराष्ट्रीय दर्जाच्या सामन्यांसाठी तयार आहेत का, याची तपासणी करून ती माहिती महापालिकेनं जाहीर केली तर मालकाशी बोलायला काहीतरी हातात येईल. आणि बोलणी करायची तर ती लिलावाच्या बऱ्याच आधी करावी लागतील. लिलाव झाला की महाराष्ट्राच्या मुली पुन्हा कुणाच्या ना कुणाच्या यादीत गेलेल्या असतील.