पायपाय : स्वतःला घडवणारा इंटरप्रिटर

पायपाय हा पायथॉनचा इंटरप्रिटर बांधायला घेतला की टर्मिनलवर मँडेलब्रॉटची आकृती एकेका अक्षराने उमटू लागते. वाट पाहणाऱ्याला तेवढाच विरंगुळा. कारण हे काम चांगल्या संगणकावरही अर्धा-पाऊण तास सहज खाते आणि ६४ बिट यंत्रावर काही जीबी मेमरी अडवून बसते. एक ओळ बदलली तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून.

या उशिराचे मूळ प्रकल्पाच्या कल्पनेतच आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये जर्मनीतल्या हिल्डेसहाइम शहरात जमलेल्या मंडळींना पायथॉनचा इंटरप्रिटर पायथॉनमध्येच लिहायचा होता. तो आरपायथॉन या काटेकोर बंधने पाळणाऱ्या पोटभाषेत लिहिला जातो आणि बिल्ड स्क्रिप्ट त्याचे सी भाषेत रूपांतर करते. पण त्यात व्हेरिएबलचे प्रकार लिहिलेले नसतात. म्हणून स्क्रिप्ट मुख्य फंक्शनपासून निघते आणि कुठे कोणत्या प्रकारची किंमत येऊ शकते याचा माग प्रोग्रॅमभर काढते. एका ठिकाणी नवे काही कळले की त्यावर अवलंबून असलेले भाग पुन्हा तपासायचे, आणखी काही कळायचे उरत नाही तोपर्यंत.

अशा कामात तीच फंक्शन्स अफाट वेळा चालतात, आणि प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवणाऱ्या जिट कंपायलरला नेमके तेच हवे असते. पायपायच्या मार्च २०१० मधल्या १.२ आवृत्तीत जिट आला. तो लूपच्या फेऱ्या मोजत राहतो. १०३९ चा उंबरठा ओलांडला की एक फेरी टिपून तिचा थेट मशीन कोड तयार करतो. टिपताना धरलेले प्रत्येक गृहीतक, जसे की ‘ही किंमत पूर्णांकच आहे’, गार्ड म्हणून त्या कोडमध्ये बसते. गृहीतक चुकले तर काम इंटरप्रिटरकडे परत जाते. तोच गार्ड वारंवार चुकू लागला तर त्या वाटेचाही मशीन कोड होतो. अंदाज बेधडक बांधायचा, पण तो चुकला म्हणून उत्तर बिघडू द्यायचे नाही, या शिस्तीचे मला फार कौतुक वाटते.

त्याहून विलक्षण म्हणजे हा जिट पायथॉनसाठी कोणी हाताने लिहिलेला नाही. इंटरप्रिटरमध्ये पेरलेल्या मोजक्या सूचनांवरून तो याच बिल्डमध्ये निपजतो. तेव्हा आधी तयार असलेल्या पायपायवर बिल्ड स्क्रिप्ट चालवली, की मागच्या बिल्डने जन्माला घातलेला जिट पुढच्या बिल्डचे काम उरकतो. सीपायथॉनच्या, म्हणजे पायथॉनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरच्या, तुलनेत रूपांतराचा वेळ ढोबळमानाने निम्म्यावर येतो, स्क्रिप्टला हातही न लावता. दोन सेकंदांत संपणाऱ्या स्क्रिप्टला मात्र यातले काही मिळत नाही; जिट कामाला लागायच्या आतच ती संपलेली असते. शेवटी सी फायली जीसीसी या सी कंपायलरच्या हवाली होतात, तिथेही जिटचा उपयोग नाही.

आरपायथॉनची ही सारी साधने पायथॉन २.७ मध्ये लिहिलेली आहेत. मूळ २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. पायपायच्या मंडळींनी मात्र आपली २.७ ची आवृत्ती जिवंत ठेवली, कारण पायथॉन ३ चा पायपायही तिच्यावरच बांधला जातो.