शहाबादी फरशी कशी धुवावी

घरात शहाबादी फरशी बसली की सारवण सुटले, असे बाया म्हणतात. खरे आहे ते. पण सारवलेली जमीन बिघडली तर पुन्हा सारवता येते. फरशीचा वरचा थर गेला की गेलाच.

तो कसा जातो? करून पहा. फरशीचा एखादा पडीक तुकडा घ्या. खिळ्याने खरवडा. भुकटी निघेल, तिच्यावर लिंबू पिळा. बारीक फेस येईल. ही फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. आंबट लागले की तो विरघळतो व वायू सुटतो. तोच हा फेस. आपल्या जात्याचा काळा पाषाण असा फेसत नाही. संगमरवर, कडाप्पा, कोटा मात्र शहाबादीचीच भावंडे. तेव्हा तांब्याच्या हंड्याला चिंच लावतो, तशी फरशीला लावू नका. लिंबू, ताक, व्हिनेगर, काही नको.

मग धुवायची कशाने? रिठ्याने. दहाबारा रिठे फोडून बिया काढा. टरफले रात्री भिजत घाला. सकाळी उकळा, गाळा व अर्धी बादली कोमट पाण्यात मिसळा. आधी फरशी कोरडी झाडून घ्या. वाळूचा कण फरशीहून कठीण असतो, ओरखडे पाडतो. मग रिठ्याच्या पाण्याने पुसा व साध्या पाण्याने धुवा. रिठा डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतो. शेवटी कोरडे करा, नाहीतर म्हातारे माणूस घसरायचे!

तेल सांडले तर लगेच कोरडे पीठ टाका. डाग मुरला असेल तर खाण्याच्या सोड्याचा लगदा रात्रभर ठेवा. जुना डाग पुरता जाईलच असे नाही.

आता माझी चूक सांगतो. मुलांना शिकवण्यात जन्म गेला, तरी घडली. एका दिवाळीला मोरीत विहिरीची टीसीएल पावडर टाकली होती. डाग जाईना, म्हणून वर दुकानातले अॅसिड ओतले. पिवळट धूर उठला. तो क्लोरीन, विषारी वायू. डोळे चुरचुरले, श्वास कोंडला. घरच्या मंडळींनी हाताला धरून अंगणात ओढले, म्हणून वाचलो. फरशी तेथे अजून पांढरी व खडबडीत आहे.

असे कुणाच्या घरी झाले तर आत थांबू नका. सारे बाहेर मोकळ्या हवेत या. बादली आणायलाही परत जाऊ नका. खोकला थांबेना तर लगेच दवाखाना गाठा.