भिंतीवर चालणारं बी

न्हाणीघराच्या किंवा माळ्याखालच्या भिंतीवर काकडीच्या बीसारखं चपटं, राखाडी काहीतरी चिकटलेलं तुम्ही पाहिलं असेल. मातीचा कण समजून आपण ते झाडूने पाडतो. पण जरा थांबून बघा. एका टोकातून बारीकसं डोकं बाहेर येतं आणि ते बी चालू लागतं!

ही एका लहानशा पतंगाची अळी. स्वतःच्या रेशमात वाळू, धूळ, तंतू गुंफून ती अंगाभोवती खोळ विणते. खोळ मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना उघडी. म्हणून अळी आतच वळते आणि हव्या त्या टोकाने बाहेर डोकावते. अळीबरोबर खोळही वाढते, ८ ते १४ मिलिमीटरपर्यंत. खोळीतच तिचा कोष होतो आणि त्यातून करडा पतंग निघतो. मादी फटीत अंडी घालते आणि मरते.

ही कसरीच्याच, म्हणजे टिनेइडी कुलातली. तिच्या प्रजातीचं नाव फेरिओएका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घर वाहून नेणारा’. तिची चुलत बहीण टिनिया पेलिओनेला. तिला लिनियसने १७५८ साली नाव दिलं. ती लोकर खाते आणि खोळीलाही तीच लावते. लाल स्वेटरवर खोळ लाल! झाडावर काड्यांची पिशवी घेऊन लटकणारी अळी मात्र वेगळ्या, सायकिडी कुलातली.

भिंतीवरच्या अळीला जुनी जळमटं फार आवडतात. शिवाय मेलेले किडे, केस, लोकर. म्हणजे जळमटं काढली, कपाटामागचा केर काढला, की तिचं जेवणच संपलं. भिंतीवर विषारी फवारा कशाला?

आता महत्त्वाचं. कसरीच्या भीतीने आपण ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकतो. काही गोळ्यांत नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असतं. नॅप्थलीनमुळे अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, जिवावरही बेतू शकतं. ही कमतरता बाळाकडे बघून कळत नाही. म्हणून बाळाची टोपी, स्वेटर, शाल त्या ट्रंकेत ठेवूच नका.

लोकरीचे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, झटकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घामाचे, अन्नाचे डाग राहिले तर कसर तिथेच आधी लागते. आणि कसर दिसली म्हणून घरच्या बाईला आळशी ठरवू नका. दमट हवेत ती कुणाच्याही घरी येते.