ल्युपसमधील जैविक उपचार थांबविताना : रोगशमन व दक्षता

प्रस्तावना : ल्युपस या व्याधीत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर, सांध्यांवर व मूत्रपिंडांवर आघात करते. रुग्णांत तरुण स्त्रियांचे प्रमाण सर्वाधिक असते. रिटुक्सिमॅब, बेलिमुमॅब आदी जैविक औषधे हा आघात रोखतात. परंतु त्यांचा खर्च मोठा असून जंतुसंसर्गाचा धोकाही संभवतो. त्यामुळे ती केव्हा थांबवावीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

विवेचन : रोगशमन म्हणजे रोगमुक्ती नव्हे. २०२१ च्या ‘डोरिस’ व्याख्येनुसार जैविक औषध चालू असतानाही रोगशमन साध्य झाले असे मानता येते. युरोपीय संधिवात संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींनुसार रोगशमन टिकून राहिल्यास उपचार क्रमाक्रमाने कमी करावेत व प्रथम स्टेरॉइड थांबवावे. मूत्रपिंड बाधित असल्यास उपचार किमान तीन वर्षे आवश्यक मानले जातात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र नेत्रतपासणीसह चालूच ठेवावे. पैशाअभावी अचानक उपचार सोडणे व तज्ज्ञांच्या सल्ल्याने ते थांबविणे, यांत मूलभूत भेद आहे.

उपचार थांबल्यानंतरच खरी दक्षता सुरू होते. पुणे वा हैदराबाद येथील तज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्या नांदेड-लातूरच्या रुग्णाला लघवीतील प्रथिने, रक्तपेशी व क्रिएटिनिन या नियमित तपासण्यांसाठी दूर जाण्याची गरज नाही. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या दृष्टीने जवळच्या आहेत.

समारोप : लक्षणे नाहीत म्हणून तपासणी नाही, ही समजूत घातक होय; कारण मूत्रपिंडाचा दाह प्रारंभी वेदनारहित असतो. औषध थांबू शकते, देखरेख थांबू नये.