गिअर मोजू नका, दाते मोजा

सायकलच्या दुकानात हल्ली साध्या काळ्या सायकलीपेक्षा जाड टायरच्या, रंगीबेरंगी सायकलींचीच गर्दी दिसते. त्यांना कोणी माउंटन बाईक म्हणते, कोणी एमटीबी, तर कोणी नुसतेच ‘गिअरची सायकल’. त्यांवरच्या पाट्या मोठ्या आकर्षक असतात. एकवीस गिअर! पुढे-मागे शॉकअप! दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक! अकरावी-बारावीतली मुले या पाट्या तोंडपाठ करून घरी जातात आणि आईवडिलांना विचार पडतो.

तो पडायलाच हवा. कारण अशी खरेदी बहुतेक घरांत काही दरवर्षी होत नाही. सायकल चुकीची आली तर सहा महिन्यांत ती जिन्याखाली धूळ खात पडते. आणि घाटाच्या उतारावर ब्रेक नीट लागला नाही, तर नुकसान केवळ पैशांचे राहत नाही.

मग पाटीवरची कोणती गोष्ट खरोखर कामाची आणि कोणती नुसती दिखाऊ? हे ठरवायला सायकलीतले तज्ज्ञ असण्याची गरज नाही. शाळेतले विज्ञान, एक फूटपट्टी आणि थोडा गुणाकार-भागाकार एवढ्यावर बरेच काही कळते. कसे ते पाहू या.

ही सायकल आली कोठून?

गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची, १९७० नंतरच्या दशकातली. मरीन परगण्यातल्या काही तरुणांना डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून सायकली उतरवण्याचा नाद लागला. त्यांच्याजवळ खास सायकली नव्हत्या. १९३०-४० च्या काळातल्या, फुगीर टायरच्या, जड जुन्या सायकली त्यांनी भंगारातून आणल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका वाटेवर त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे ३ किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर उतार!

या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’. काय भरायचे? तर ग्रीस. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. शर्यत संपेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे.

पुढे याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी खास सांगाडा बनवला. १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली माउंटन बाईक बाजारात आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. शॉकअप लावलेले फोर्क मात्र १९९० च्या सुमारास आले. म्हणजे सुरुवातीची कित्येक वर्षे हा खेळ शॉकअपशिवायच चालला. डोंगरासाठी आधी लागले ते जाड टायर, भक्कम ब्रेक आणि चढावर उपयोगी पडतील असे गिअर. आपल्या खरेदीचा क्रमही हाच असावा, असे आमचे मत आहे.

चढावर नेमके काय होते?

साध्या सायकलीच्या पेडलजवळच्या मोठ्या चकतीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत असे धरू. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४. पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक २.४४ फेरे फिरते. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर असतो, म्हणून एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तमच.

आता दर १० मीटरला १ मीटर चढणारा रस्ता घ्या. एका फेऱ्यात आपण ५४ सेंटिमीटर वर जातो. स्वार ६० किलोचा आणि सायकल १५ किलोची, म्हणजे ७५ किलो वजन ५४ सेंटिमीटर उचलायचे. तेवढ्यात पेडल आपल्या वर्तुळात किती अंतर कापते? क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर असेल तर सुमारे १.०७ मीटर. ७५ × ०.५४ ÷ १.०७ हा हिशेब केला तर पेडलवरचा सरासरी जोर सुमारे ३८ किलो वजनाइतका येतो. स्वार उभा राहून सगळे अंग आळीपाळीने दोन्ही पेडलांवर टाकू लागला, तरी वर्तुळाच्या दिशेने त्याचा सरासरी जोर जेमतेम तेवढाच भरतो. म्हणूनच अशा चढावर साधी सायकल ढकलत न्यावी लागते.

आता पुढे २४ आणि मागे २८ दाते घ्या. भागाकार ०.८६. एका फेऱ्यात सायकल १.९ मीटरच जाते आणि १९ सेंटिमीटरच चढते. जोर लागतो सुमारे १३ किलोचा. काम तेवढेच, पण ते जास्त फेऱ्यांत वाटले गेले. गिअर शक्ती देत नाही, तो कामाचे हप्ते पाडून देतो!

म्हणून सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हा पहिला प्रश्न. पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते, हा भागाकार १ पेक्षा कमी यायला हवा. ०.८ च्या आसपास आला तर फारच चांगले.

एकवीस की पंधरा?

आता एकवीस गिअरचा हिशेब तपासू. पुढे २४, ३४ आणि ४२ दात्यांच्या तीन चकत्या. मागे २८, २४, २२, २०, १८, १६ आणि १४ दात्यांच्या सात. ही स्वस्त सायकलीवर आढळणारी जुळणी आहे. भागाकार असे येतात :

पुढे २४ : ०.८६, १.००, १.०९, १.२०, १.३३, १.५०, १.७१
पुढे ३४ : १.२१, १.४२, १.५५, १.७०, १.८९, २.१३, २.४३
पुढे ४२ : १.५०, १.७५, १.९१, २.१०, २.३३, २.६३, ३.००

नीट पाहा. १.२० आणि १.२१, १.५० दोनदा, १.७०, १.७१ आणि १.७५, १.८९ आणि १.९१; २.१० आणि २.१३. पायाला यांतला फरक जाणवतच नाही. अशा जोड्या एक धरल्या तर एकवीसचे जेमतेम पंधरा गिअर उरतात. शिवाय सर्वांत हलका आणि सर्वांत जड गिअर यांचे गुणोत्तर पाहा. ३.०० भागिले ०.८६ म्हणजे ३.५.

याउलट पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे ११ ते ४२ दात्यांच्या नऊ चकत्या असतील, तर गिअर ०.७६ पासून २.९१ पर्यंत जातात. गुणोत्तर ३.८. म्हणजे नऊ गिअरचा पल्ला एकवीस गिअरपेक्षा मोठा! अशी सायकल सहसा महाग असते. ती आपल्या रकमेत बसली नाही तर खंत नको, पण ‘गिअर जास्त म्हणजे सायकल भारी’ हा समज तेवढा मनातून काढून टाकावा.

उतरताना

रिपॅकच्या जळणाऱ्या ग्रीसकडे पुन्हा वळू. ७५ किलो वजन ४०० मीटर खाली आले की सुमारे २९४ किलोज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. काही हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेली ब्रेकलाच उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. आणि २९४ किलोज्यूल म्हणजे किती? जवळजवळ एक लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी!

ब्रेक तीन प्रकारचे आढळतात. रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा व्ही-ब्रेक, तारेने चालणारा डिस्क ब्रेक आणि तेलाच्या दाबाने चालणारा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. पावसात आणि चिखलात डिस्कचा फायदा आहे, कारण चकती तुंब्याजवळ असल्याने रिमइतकी माखत नाही. हायड्रॉलिक ब्रेक एका बोटाने लागतो, पण तो बिघडला तर जाणता कारागीर लागतो. तारेचा ब्रेक गावातला कोणीही दुरुस्त करतो. चांगला व्ही-ब्रेक मात्र हलक्या प्रतीच्या डिस्कपेक्षा केव्हाही बरा. दुकानात ब्रेकची मूठ पूर्ण दाबून पाहा. ती हँडलला टेकत असेल आणि तार ताणूनही फरक पडत नसेल, तर ती सायकल घेऊ नये.

शॉकअप की टायर?

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती नाहीशी करत नाही. म्हणून मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगबरोबर तेलही असते. बारीक छिद्रांतून जाताना तेल धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. स्वस्त सायकलीच्या फोर्कमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते. परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा आणि सोडा. फोर्क सावकाश मूळ जागी आला तर चांगला; चेंडूसारखा उसळला तर ती नुसती स्प्रिंग.

मागचा शॉकअप तर मर्यादित रकमेत टाळावाच. त्याने वजन वाढते, जास्तीच्या सांध्यांची झीज होते आणि पेडल मारताना आपलीच ऊर्जा स्प्रिंग दाबण्यात खर्च होते.

खरा पहिला शॉकअप म्हणजे टायर. मागच्या चाकावर ४५ किलो, म्हणजे सुमारे १०० पौंड भार आहे असे धरा. हवा दर चौरस इंचाला ५० पौंड असेल तर टायर जमिनीला सुमारे २ चौरस इंच टेकतो; २५ पौंड असेल तर ४ चौरस इंच. टेकलेला भाग वाढला की पकड वाढते आणि बारीक खडे टायर स्वतःच गिळतो. फार कमी हवेत मात्र दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते. टायरच्या कडेवर हवेच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्या पाळाव्यात. रुंद आणि चांगल्या टायरवर घातलेला पैसा वाया जात नाही.

मापाची सायकल

‘वाढते अंग आहे, मोठीच घेऊ’ हा विचार कपड्यांना ठीक, सायकलीला घातक. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. तळवे जमिनीला टेकलेले असताना वरची दांडी आणि शरीर यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर हवे. ओबडधोबड वाटांवर जायचे तर त्याहून जास्त. मग सीटवर बसून पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला की सीटची उंची बरोबर समजावी.

वजनाचाही थोडा हिशेब करू. दोन किलो हलकी सायकल घेतली तर ७५ किलोंतले दोनच किलो वाचतात, म्हणजे चढावरचे श्रम तीन टक्क्यांहूनही कमी वाचतात. तेवढ्यासाठी पाच हजार जास्त मोजणे पहिल्या सायकलीला परवडणारे नाही.

पैशांची वाटणी

आपल्याजवळ वीस हजार रुपये आहेत असे धरू. ते सगळे सायकलीवर घालू नयेत. हेल्मेट, पंप, पंक्चरचे साहित्य, दिवे आणि कुलूप यांसाठी तीन हजार बाजूला काढावेत. महिन्याभरात नव्या तारा सैल पडतात, स्पोक कसावे लागतात. त्यासाठी पाचशे-हजार ठेवावेत. उरलेल्या सोळा हजारांत सांगाडा, ब्रेक, हलका गिअर आणि टायर या क्रमाने पाहावे. त्या चाकाचे टायर-ट्यूब आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात का, हेही विचारून घ्यावे. काही स्वस्त सायकलींच्या माहितीपुस्तकात ‘कच्च्या वाटेवर वापरू नये’ अशी सूचना बारीक अक्षरांत असते. ती पैसे देण्यापूर्वी वाचावी.

याच रकमेत वापरलेली पण वरच्या प्रतीची सायकल मिळाली तर विचार जरूर करावा. तिची साखळी फूटपट्टीने तपासता येते. साखळीच्या एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंत अर्धा इंच असतो. म्हणून २४ खिळे पुढचा खिळा बरोबर १२ इंचांवर यायला हवा. तो इंचाचा सोळावा भाग पुढे असेल तर साखळी बदलायला आली. आठवा भाग पुढे असेल तर बहुधा चकत्याही झिजल्या.

वर्गात करून पाहा

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींचे दाते मुलांना मोजायला सांगा आणि भागाकारांचा तक्ता करा. टायरला खडूची पूड लावून सायकल आलेखाच्या कागदावर सरळ उभी धरा आणि उमटलेल्या ठशाचे चौकोन मोजा. क्षेत्रफळ गुणिले हवेचा दाब म्हणजे त्या चाकावरचा भार. दोन्ही चाकांची बेरीज करून ती वजनकाट्याशी ताडून पाहा. टायरचे रबर स्वतः ताठ असल्याने थोडा फरक येईल. तो का येतो, यावरही चर्चा होऊ द्या. एवढे केलेला विद्यार्थी दुकानात गेला की पाटी वाचण्यापूर्वी खाली वाकून दाते मोजू लागेल.