बंगलीवर मजला चढवताना (जुनी घरं, नवे संसार : लेखांक ६)

शिकागोची उंच इमारतींची मध्यवस्ती मागे टाकून शहराच्या कडेकडेने फिरलं, की एकाच जातकुळीच्या घरांच्या रांगाच्या रांगा लागतात. विटांचं दर्शनी तोंड, त्यात चुनखडी दगडाच्या पट्ट्या, बसकं उतरतं छप्पर, भिंतीच्या चांगल्या बाहेर आलेल्या वळचणी आणि छपरातून डोकावणारी एखादी छोटी खिडकी. १९१० ते १९४० या काळात अशी सुमारे ८०,००० घरं शहरात उभी राहिली. त्यांना बंगला म्हणतात खरं, पण आपल्या डोळ्यांसमोरचा ऐसपैस बंगला इथे नाही. ही नोकरदार आणि कामगार कुटुंबांची, चिंचोळ्या प्लॉटवरची बंगली. खाली तळघर, वर राहता मजला, त्यावर छपराखालचा माळा. अमेरिकी हिशेबात दीड मजला.

अडचण कळायला वेळ लागत नाही. दोन-तीन लहान बेडरूम, बाथरूम एक, कपाटं नावापुरती. मुलं मोठी होतात, कोणाला तरी घरून काम करायचं असतं, म्हातारी आई राहायला येते. दोन्ही बाजूंना शेजारी अगदी लगत, मागे गल्लीकडच्या बाजूला गॅरेज. मग नजर वर जाते.

आपल्याकडे हा प्रश्न घर बांधतानाच अर्धा सोडवून ठेवलेला असतो. स्लॅबवर कॉलमच्या सळया हात-दीड हात वर सोडलेल्या, गंजू नयेत म्हणून त्यांवर उलट्या बाटल्या घातलेल्या. पुढेमागे पैसे आले की मजला चढवायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी बंगलीत अशी तजवीज नाही. तिचं छप्पर म्हणजे शेवट, आणि तिचं रूपही बहुतेक त्या छपरातच आहे. म्हणूनच तिथे सगळ्यात झटपट उपाय सगळ्यात वाईट ठरतो : छप्पर पूर्ण उतरवायचं, भिंती सरळ वर न्यायच्या आणि नवं छप्पर घालायचं. बोलीत याला ‘पॉप-टॉप’ म्हणतात. अशा घराचा नवा मजला पागोटं काढून डोक्यावर खोकं ठेवल्यासारखा दिसतो. नुकसान एका घरापुरतंही राहत नाही; सबंध रस्त्यावरून एका उंचीने गेलेली वळचणींची रेघ मध्येच तुटते. शिकागो महापालिकेने २००० साली या बंगल्यांच्या जतनासाठी वेगळा उपक्रम सुरू केला. मालकांनी घर सुधारावं, वाढवावं, पण रस्त्याकडचं रूप राखावं, हा त्याचा रोख.

अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस फक्त राष्ट्रीय उद्यानं सांभाळत नाही. जुन्या इमारतींचे मानदंडही तिच्याकडूनच येतात. जुन्या इमारतीला नवा भाग जोडण्याविषयीची तिची पुस्तिका छतावरच्या वाढीबद्दल हात राखून बोलते : वाढ एका मजल्यापेक्षा जास्त नको, दर्शनी भिंतीपासून मागे सरकलेली हवी, सहज नजरेत भरता कामा नये. आणि इमारत मुळातच एक, दोन किंवा तीन मजल्यांची असेल, तर सहसा अशी वाढ योग्यच नाही. सामान्य घरमालकावर हे थेट बंधन नसलं, तरी अनेक गावांच्या वारसा समित्या याच मापाने नकाशे तपासतात. शब्दशः घेतलं तर बंगलीवर मजला चढवण्याचा विषय इथेच संपायला हवा.

तो संपत नाही, कारण बंगली बांधणाऱ्यांनीच एक वाट काढून ठेवली आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकात, मुख्यतः कॅलिफोर्नियात, ‘एअरप्लेन बंगला’ नावाचा प्रकार लोकप्रिय झाला. खाली नेहमीची पसरट बंगली. वर मध्यभागी किंवा जरा मागच्या अंगाला एक-दोन खोल्यांचा छोटा मजला, चहूबाजूंनी खिडक्या असलेला. विमानाच्या कॉकपिटसारखा दिसतो म्हणून ते नाव. वातानुकूलन घरोघरी पोहोचण्याआधीचे ते दिवस. उन्हाळ्यातल्या रात्री वर जाऊन झोपायचं, चारही खिडक्या उघड्या टाकायच्या. वास्तुविशारद ग्रीन बंधूंच्या पॅसाडिनातल्या १९०८ सालच्या गॅम्बल हाऊसवरही मागे सरकलेली अशीच एक खोली तिसऱ्या मजल्यावर बसली आहे. ते घर श्रीमंताचं, चांगलं ऐसपैस. पण वरच्या मजल्याने खालच्यापेक्षा लहान राहायचं ही शिस्त तिथेही पाळलेली आहे.

आजच्या आरेखकाला यातून बरंच घेता येतं. समोरचा उतार, वळचणी आणि पोर्च यांना हात लावायचा नाही. नवा मजला छपराच्या आढ्याच्या मागून सुरू करायचा, बाजूच्या भिंतींपासूनही आत घ्यायचा, म्हणजे जुनं छप्पर खालून चारही बाजूंनी दिसत राहतं. नव्या छपराचा उतार जुन्याच्याच अंशाचा. खिडक्या उभ्या आणि जुन्यांच्या प्रमाणातल्या. पण वीट मात्र जुन्यासारखी भासवण्याचा खटाटोप नको. शंभर वर्षांच्या विटेशी रंग जुळवायला गेलं की फरक उलट जास्त डोळ्यांत भरतो. साधी लाकडी फळी किंवा पत्र्याचं आवरण प्रामाणिक दिसतं आणि वजनालाही हलकं पडतं.

वजनाचा मुद्दा दिसण्याइतकाच महत्त्वाचा. माळ्याखालच्या आडव्या तुळया बहुतेक वेळा फक्त प्लास्टरचं छत पेलण्यापुरत्या असतात. अमेरिकी निवासी संहितेत सामान न ठेवायच्या माळ्यासाठी चौरस फुटाला १० पौंड चल भार धरतात, बेडरूमसाठी ३० आणि इतर राहत्या खोल्यांसाठी ४०. चाळीस पौंड म्हणजे चौरस मीटरला सुमारे १९५ किलो. तेव्हा माळ्यावर फळ्या ठोकल्या की खोली झाली, असं होत नाही. नव्या मजल्याचा भार जुन्या भिंतींवर टाकण्याऐवजी पोलादी किंवा थर चिकटवून केलेल्या लाकडी तुळया घालतात. त्या नव्या खांबांवर टेकतात. हे खांब भिंतीच्या पोकळीतून राहत्या मजल्याला ओलांडून तळघरापर्यंत उतरतात आणि तिथे त्यांना स्वतःचा काँक्रीटचा पाया मिळतो. म्हणजे वरच्या मजल्याचं काम तळघरात कुदळ मारून सुरू होतं, हे अनेक मालकांना अंदाजपत्रक हाती आल्यावरच कळतं.

कॅलिफोर्नियात त्यात भूकंपाची भर. तिथल्या कित्येक जुन्या बंगल्या पायाच्या कठड्यावर उभारलेल्या ठेंगण्या लाकडी भिंतींवर उभ्या असतात, आणि पुष्कळदा त्या पायाला बोल्टने बांधलेल्याच नसतात. १९८९चा लोमा प्रिएटा आणि १९९४चा नॉर्थरिज या दोन्ही भूकंपांत अशी घरं पायावरून घसरली. तिथे आधी बोल्ट आणि प्लायवूडच्या फळ्यांनी तळ बांधायचा, मगच मजल्याचा विचार करायचा.

आता जिना. नकाशावर शेवटी काढतात आणि सगळा नकाशा तोच बिघडवतो. राहत्या मजल्याचं छत नऊ फुटांवर आणि वरच्या जमिनीची जाडी दहा इंच धरली, तर चढायची उंची ११८ इंच होते. संहितेप्रमाणे एका पायरीचा चढ पावणेआठ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे १६ चढ आणि त्यांच्यामध्ये १५ पायऱ्या, प्रत्येक किमान दहा इंच रुंद. सरळ जिन्याची लांबी साडेबारा फूट झाली. तीन फूट रुंदी आणि पायथ्याशी उभं राहायला तेवढीच जागा धरली, तर खालच्या मजल्यातले जवळपास ४७ चौरस फूट गेले, म्हणजे लहानशा बेडरूमचा अर्धा भाग! वर एक खोली मिळवायची आणि खाली अर्धी गमवायची, असा हा व्यवहार. म्हणून जाणता आरेखक नवा जिना तळघराच्या जुन्या जिन्याच्या बरोबर डोक्यावर घेतो, एकाच उभ्या पट्ट्यात.

कधी कधी नव्या मजल्याची गरजच नसते. माळ्याला मागच्या उतारात लांबलचक एकउतारी खिडकी-छप्पर काढलं, तरी काम भागतं. संहितेची अट एवढीच, की उतरत्या छताच्या खोलीत आवश्यक क्षेत्राच्या निम्म्या भागात तरी सात फूट उंची हवी. पाच फुटांखालची जागा हिशेबात धरतच नाहीत. तिथे कपाटं आणि पुस्तकांचे कप्पे बसतात. समोरून पाहणाऱ्याला घर होतं तसंच दिसतं. शिकागोच्या बंगलीला हाच उपाय सर्वांत शोभतो.

कागदावरच्या दर्शनी नकाशावर मात्र फार विसंबू नये. तो घर अशा ठिकाणाहून दाखवतो जिथे कोणीच उभं राहत नाही. विरुद्ध बाजूच्या फुटपाथवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून आढ्याकडे रेषा काढली, की नवा मजला किती मागे घ्यायचा ते ठरतं. कॅलिफोर्नियातल्या काही गावांत तर परवानगीआधी प्रत्यक्ष काठ्या उभाराव्या लागतात. नवं छप्पर जिथवर जाणार त्या उंचीचे बांबूसारखे खांब छपरावर रोवतात आणि त्यांच्या टोकांना रंगीत पट्टी ताणतात. काही दिवस ते तसंच उभं असतं. शेजारी येता-जाता पाहतात, स्वयंपाकघरात येणारं ऊन अडेल का याचा अंदाज घेतात, आणि सुनावणीला नेमकी हरकत घेऊन येतात. दोन-तीन फुटांनी आढं खाली आणायचं असेल तर ते इथेच स्वस्तात होतं.

(पुढील लेखांकात : तळघर राहतं करताना ओल कुठून येते.)